क्रेनेकची रायफल

पट्टा खांद्यावर पडला तेव्हा प्रथम जाणवली ती त्याची ऊब. वजन नंतर जाणवले. डेल क्रेनेकच्या मानेचा घाम त्या जाड विणीच्या पट्ट्यात मुरलेला होता, आणि तो ओलसर, कोमट पट्टा माझ्या इस्त्रीच्या सदऱ्यावर कॉलरच्या कडेला असा विसावला, की त्याची ती नेहमीचीच जागा असावी. "जरा धरा, प्रोफेसर," डेल म्हणाला, "आत नेता येत नाही ना. बटणं दाबतो आणि आलोच." त्याने हनुवटीने दारावरच्या पाटीकडे खूण केली. मतदान केंद्रात शस्त्रे आणण्यास मनाई आहे, असे ती पाटी दोन भाषांत सांगत होती. "गाडीत ठेवा की," मी म्हणालो. "गाडी आमच्या लोरीननं नेलीय, बेकरीतून गोड कोलाचे आणायला. आणि गाडीत ठेवून काय? मागच्या महिन्यात काच फोडून एक नेलीच ना चोरांनी! इथं तुमच्यासारखा भरवशाचा माणूस उभा असताना?" "डेल, हे पाहा—" "भरलेली आहे हं, घोड्याकडे बोट नेऊ नका," तो हसत म्हणाला, "पण तुम्हाला मी काय सांगायचं! दाराच्या आत गुन्हा, दाराच्या बाहेर हक्क. तुमच्याच तोंडून ऐकलंय, आपल्याच ओट्यावर. व्हर्नेल आतच आहे ना? मी तिच्याकडे लक्ष ठेवतो." आणि दार त्याच्यामागे मिटले. मी पिकानच्या झाडाखाली, एका जुन्या नाच-हॉलच्या बाहेर, ऑक्टोबरच्या टेक्सासी उन्हात, लांब नळीची भरलेली रायफल खांद्याला लावून उभा राहिलो. मी सहासष्ट वर्षांचा आहे, विधीच्या इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक आहे, आणि काळा आहे. ह्या तीन विशेषणांतले पहिले दोन लांबून दिसत नाहीत.

त्या क्षणी मी संपूर्णपणे कायदेशीर होतो. आयुष्यात इतका कायदेशीर मी क्वचितच असेन. ह्या राज्याने गृहयुद्धानंतर पिस्तुलावर बंदी घातली आणि रायफल मोकळी सोडली. पिस्तूल लपते, म्हणून ते बदमाशाचे. रायफल दिसते, म्हणून ती सज्जनाची, असा तो युक्तिवाद होता. दिसणे म्हणजेच सज्जनपणा, हे मानणारी संस्कृती मला मोठी निरागस वाटते. आपण कसे दिसतो ह्याचा विचार तिला कधी करावाच लागला नसणार. पुढे पिस्तूलही मोकळे झाले, पण तो जुना मान रायफलीकडेच राहिला. खांद्याला ती लावून तुम्ही रस्त्याने चाला, भाजीबाजारात वांगी निवडा, विधानभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहा. गुन्हा केव्हा होतो? 'भय उत्पन्न व्हावे अशा हेतूने' ती मिरवली तर. ह्या पाच शब्दांवर मी दोन ग्रंथ लिहिले आहेत. कायदा हेतूबद्दल बोलतो आणि भय कोणाचे ते सांगत नाही, हे माझे प्रतिपादन. समीक्षकांनी त्याला संतुलित म्हटले. संतुलित हा शब्द आमच्या व्यवसायात निरुपद्रवी ह्या अर्थाने वापरतात.

डेल ती दर निवडणुकीत घेऊन येतो. एरवी दुकानात बसून ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो, शनिवारी मुलांना बेसबॉल शिकवतो. पण मतदानाच्या दिवसांत सकाळी कॉफी प्यायला, टपाल टाकायला, सगळीकडे ती बरोबर. "वापरला नाही तर हक्क गंजतो, प्रोफेसर." आजही तो वाहनतळातून चालत आला तेव्हा रांगेतल्या बायकांनी त्याला सुप्रभात म्हटले. एका आईने आपल्या लेकीला पुढे केले आणि त्या मुलीने विचारले, "जड आहे का हो?" "तुझ्या दप्तराएवढी," डेल म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. मतदान करून मी व्हर्नेलची वाट पाहत होतो. माझी बायको मतपत्रिकेतले प्रत्येक नाव वाचते, अगदी पाणीपुरवठा मंडळापर्यंतचे, आणि कोणी मदत करू लागले तर म्हणते, "बाई, मी एकोणचाळीस वर्षं मुलांना गाणं शिकवलंय, मला घाई शिकवू नका." तेव्हा वेळ लागणार होता, आणि मला घाई नव्हती. ही काही मिनिटांपूर्वीची गोष्ट. आता तीच रायफल, तीच रांग, तेच ऊन. आणि ती आई लेकीला दंडाला धरून रांगेच्या पलीकडच्या बाजूला नेत होती. कोणी ओरडले नाही. फक्त रांग माझ्या बाजूने आत दबली, एखाद्या जनावराची कातडी माशी बसल्यावर थरथरते तशी, आणि मध्ये थोडी मोकळी जागा तयार झाली. त्या जागेला मी ओळखतो. मी तिच्यावर व्याख्याने दिली आहेत.

मी 'नाही' का म्हटले नाही, हा प्रश्न कोणी विचारील. डेल वाईट माणूस असता तर माझे काम किती सोपे झाले असते. एका हिवाळ्यात साऱ्या राज्याची वीज गेली तेव्हा व्हर्नेलचे ऑक्सिजनचे यंत्र बंद पडले. मी राखीव टाकीवरचा काटा उतरताना पाहत बसलो होतो, आणि बर्फावरून घसरत, शिव्या देत, ढकलगाडीवर जनरेटर बांधून हा माणूस आमच्या मागच्या दारी आला. वीज परत येईपर्यंत तो आमच्या स्वयंपाकघरात बसून राहिला. रायफल फ्रिजला टेकवून ठेवलेली. व्हर्नेल त्याला सूप वाढताना म्हणाली, "डेल, ती बाई जेवणार आहे का? नसेल तर दाराकडं तोंड करून उभी करा, माझ्याकडं रोखून पाहतेय." तो इतका हसला, की सूप सांडले. त्याने एका हाताने यंत्राची वायर जोडली होती, आणि त्याच हाताने तो त्यांना मत देतो, जे माझ्यासारख्यांची मतदान केंद्रे बंद करतात. दोन्ही खरे. ज्याच्या हातून माझी बायको श्वास घेऊ शकली, त्याने पट्टा पुढे केला आणि मी खांदा दिला. ह्यात भित्रेपणा किती आणि सौजन्य किती, हे मोजायला माझ्याजवळ साधन नाही.

खाली ठेवावी, हा विचार अर्थातच आला. मग कळले, की ही वस्तू खाली ठेवण्यासाठी बनवलेलीच नाही. ती धरता येते, किंवा दुसऱ्याला देता येते. झाडाला टेकवली तर घसरेल. जमिनीवर ठेवली तर भरलेली रायफल पोराटोरांच्या पायांत टाकल्याचा दोष माझ्यावर. तिच्यासकट आत शिरलो तर तो गंभीर गुन्हा, तिला सोडून शिरलो तर हलगर्जीपणा. चालत वाहनतळ ओलांडावा, तर रायफल घेऊन माणसांच्या दिशेने चालणारा काळा माणूस असे ते दृश्य होईल. आणि मुख्य म्हणजे, ती उतरवायची तर तिला हात लावावा लागेल. खांद्यावर ती निव्वळ लटकते आहे; हात लावताच ती माझी होते. सार्वजनिक शस्त्रधारणेवरच्या सगळ्या वाङ्मयात, तिचे समर्थक धरा की विरोधक, ह्या क्षुल्लक अडचणीचा विचार मला आढळलेला नाही. माणसाने बंदूक बाळगावी का, ह्यावर ग्रंथालये भरली आहेत. बाळगलेली बंदूक त्याने टाकावी कशी, ह्यावर एक तळटीपसुद्धा नाही.

बाबांना हे ठाऊक होते. त्यांच्याकडे एक दुनळी होती, खारी आणि ससे मारायला. शनिवारी नदीकाठी जायचे म्हटले की ते आदल्या दिवशी ती सुटी करत, नळ्या आईच्या जुन्या गोधडीत गुंडाळत, दस्ता कोंड्याच्या पोत्यात घालत, आणि वर मासे पकडायच्या वेताच्या काठ्या टाकत. गाडीतून गावाबाहेर पडेपर्यंत आम्ही मासेमारीला निघालेलो असू. परतताना पुन्हा मासेमारी, फक्त पोत्यात ससे. शाळेत मला नुकतीच राज्यघटना शिकवली होती, आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "पण बाबा, उघडी नेली तरी चालतं. कायदा आहे तसा." त्यांनी गोधडीची गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली, आणि म्हणाले, "कायदा मला माहीत आहे, लायमन. पण रस्त्यात जो भेटेल, त्याला माहीत आहे का, हे त्याला विचारायला थांबू मी?" मी त्यावर हसलो होतो. मग शिष्यवृत्त्या मिळवल्या, विद्यापीठ, ग्रंथ, दुसऱ्यांच्या ग्रंथांवरची परीक्षणे. आणि चाळीस वर्षांच्या व्यासंगाने जिथे येऊन पोचलो, ती जागा त्या गोधडीच्या गाठीच्या अलीकडेच होती. बाबा आज असते तर त्यांनी पट्ट्याला खांदा दिला नसता. ते म्हणाले असते, डेल, माझी पाठ दुखते. त्यांची पाठ गोऱ्या माणसांसमोर आयुष्यभर सोयीने दुखत असे.

वाहनतळाच्या पलीकडच्या कडेला ओडेसा प्रूइट उभी होती. पिवळे जाकीट, उन्हाची टोपी. व्हर्नेलच्या चर्चमधली, नाताळात आमच्याकडे रताळ्याची गोड पेस्ट्री घेऊन येते. मतदारांना कोणी धमकावू नये म्हणून उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांपैकी ती एक, आणि त्यांचे प्रशिक्षण मीच घेतले होते, चर्चच्या तळघरात, घडीच्या खुर्च्यांवर बसवून. तिला पाहून मला इतके हायसे वाटले, की मी जवळजवळ हात वर केला. मग पाहिले, की ती माझ्या चेहऱ्याकडे पाहतच नाही. तिची नजर माझ्या कमरेच्या उंचीवर होती, आणि फोन कानाला. मी शिकवले होते: चेहऱ्याकडे पाहू नका, नजरेला नजर देऊ नका, त्याने माणूस चिडतो. बंदुकीकडे पाहा. नळी कुठे आहे, हात कुठे आहे. ओळखीचा वाटला तरी जवळ जाऊ नका, ओळखीची माणसेच फसवतात. लांबूनच फोन करा. ओडेसा पहिल्या रांगेत बसली होती आणि तिने सगळे लिहून घेतले होते. तेव्हा ती काय बोलते आहे, हे ऐकू न येताही मला शब्दशः ठाऊक होते, कारण क्रम मी घालून दिला होता: आधी ठिकाण, मग शस्त्र, मग उंची, वर्ण, कपडे. दाराबाहेर. लांब बंदूक. उंच. काळा. पांढरा सदरा. माझ्या साऱ्या लेखनात इतके अचूक पालन झालेले हे एकच वाक्य असावे.

"ओडेसा," मी म्हणालो. मोठ्याने म्हणणे शक्य नव्हते. रायफल लावलेला माणूस ओरडला की तो ओरडणारा माणूस राहत नाही. "ओडेसा, मी आहे." शब्द माझ्या हनुवटीपर्यंतच पोचले. रांगेत, त्या आईच्या मागे, खाकी टोपीतला एक गृहस्थ होता. त्याला मी ओळखत नव्हतो, पण त्याच्या उजव्या हाताला ओळखत होतो: तो सदऱ्याच्या काठाशी गेला होता आणि तिथेच, कमरेवर, अगदी हलका ठेवलेला होता. म्हणजे त्याच्याकडेही पिस्तूल होते. दारावरची पाटी त्याने वाचली नव्हती, किंवा दार येईपर्यंत ती त्याला लागू नव्हती. तोही कायदेशीर होता. त्या सबंध अंगणात बेकायदेशीर असे काहीच नव्हते. सगळे आपापल्या हक्कांत, पुरते सनदशीर, उभे होते. झाडावरून एक टणक पिकान हॉलच्या पत्र्यावर पडले आणि टणकन वाजले, आणि त्या हाताची बोटे सदऱ्याच्या आत गेली. मी त्याच्याकडे पाहून हसलो. त्या परिस्थितीत हसण्यासारखी दुसरी मूर्ख गोष्ट मला सुचली असती तर मी तीही केली असती. "माझी नाहीये," मी म्हणालो, "मित्राची आहे. तो आत गेलाय." "असं का," तो म्हणाला. हात हलला नाही. "कोण मित्र?" "डेल क्रेनेक." "डेलची बंदूक तुमच्याकडं कशी आली?" हा प्रश्न रास्त होता, त्यात एक सबंध इतिहास होता, आणि तो मी शिकवत आलो होतो. "त्यानं दिली." "दिली," तो म्हणाला, आणि रांगेतले कोणीतरी नाकातून हसले.

पोलिसांची गाडी सायरन न वाजवता आली. दार उघडले, आणि दाराच्या आडून एक पोरगेला चेहरा व एक पिस्तूल दिसले. "बंदूक खाली टाक! हात वर! हलू नकोस!" तीन आज्ञा एका श्वासात. माझ्यातला अध्यापक, ज्याला मी त्या क्षणी मनःपूर्वक शिव्या दिल्या, त्यांची संगती लावू लागला. पहिली पाळायची तर दुसरी मोडते. दुसरी पाळायची तर पहिली. आणि तिसरी पाळायची तर दोन्ही. बाकीच्या मोडल्याशिवाय एकही पाळता येत नाही, आणि एक जरी मोडली तरी पुढचे प्रकरण न्यायालयात फार दिवस चालत नाही. अधिकाऱ्याला भय वाटले, एवढे पुरते. त्याचे भय वाजवी असते, ते सिद्ध करावे लागत नाही. भय कोणाचे, हे अखेर कोणीतरी स्पष्ट करत होते. मी हात वर निवडले. सावकाश, तळवे पुढे, बोटे पसरून, बाबांनी मला गाडी चालवायला शिकवायच्या आधी शिकवले होते तसे. पण हात वर गेले तसा पट्टा मानेकडे सरकला, दस्ता बरगडीवर आदळला, आणि खाली असलेली नळी माझ्या मांडीला लागून हळूच पुढे वळली. तिला मी वळवत नव्हतो. ती वळत होती. "हलू नकोस म्हटलं ना!" त्याचा आवाज फाटला. मला त्याची दया येत होती. इतकी निरुपयोगी, इतकी सुशिक्षित दया, की मला स्वतःची किळस आली. मी मांडी घट्ट दाबून नळी थोपवून धरली. घाम डोळ्यांत उतरला. तो पुसता येणार नव्हता. माझे सारे ग्रंथ, सगळ्या तळटीपा, संतुलन, आता एका मांडीच्या स्नायूवर उभे होते आणि तो स्नायू सहासष्ट वर्षांचा होता.

मग बायकोच्या चालायच्या आधाराचा, वॉकरचा, आवाज आला. त्याच्या पायांना व्हर्नेलने जुने टेनिसचे चेंडू लावले आहेत. लाकडी पायरीवर ते मऊ ठप्प वाजतात. मला मान वळवता येत नव्हती. मी मनात म्हणत होतो, ओरडू नकोस, व्हर्नेल, पुढे येऊ नकोस, माझे नाव घेऊ नकोस. ती ओरडली नाही. ठप्प थांबले. तिच्या नाकातल्या नळीतून येणारा तो छोटा फुसकारा मला ऐकू येत होता, निदान मला तसे वाटले. दोन्ही पिस्तुलांच्या, म्हणजे अधिकाऱ्याच्या आणि त्या सदऱ्याखालच्या, आणि माझ्या रेषेत ती उभी होती, हे मी तिच्या श्वासावरून ओळखले.

"अरे! अरे, ती माझी आहे!" डेलचा आवाज. छातीवर मतदान केल्याचा स्टिकर लावून तो तिच्या मागून बाहेर आला असावा, कारण तो माझ्या दृष्टीच्या कोपऱ्यातून थेट माझ्याकडे चालत आला. पिस्तूल रोखलेले असताना. मोठमोठ्या पावलांनी, हात हलवत. त्याला कोणी हलू नकोस म्हटले नाही. तो माझ्याजवळ आला, त्याच्या तोंडाला पेपरमिंटचा वास होता, आणि त्याने दोन्ही हातांनी, नळी, दस्ता, पट्टा सगळे धरून, ती रायफल माझ्या डोक्यावरून काढली, एकदा हवेत फिरवली आणि आपल्या खांद्याला लावली. तेवढ्यात ती पुन्हा सुप्रभात झाली. मी हे रूपक म्हणून सांगत नाही. मी ते घडताना पाहिले. पिस्तूल खाली गेले. रांग सैल झाली. खाकी टोपीवाल्याने हात काढून नाक पुसले.

"कोच?" तो पोरगेला अधिकारी म्हणाला. "तुमची आहे होय? कोच, तुम्ही पण ना! मला वाटलं—"

"काय वाटलं तुला, टकर? आमचे प्रोफेसर आहेत ते! शेजारी आहेत माझे." डेलचा चेहरा लाल झाला होता, तो खरोखर संतापला होता, आणि संतापात तो जागच्या जागी वळला तशी नळी सगळ्या रांगेवरून फिरली. कोणी वाकले नाही. "शहाण्या माणसावर पिस्तूल काढतोस? दुसऱ्या बेसवर पण असाच गडबडायचास."

"फोन आला होता, कोच. काय करणार." टकरने पिस्तूल म्यानात घातले, बटण लावले. मग माझ्याकडे वळून, आवाज बदलून म्हणाला, "तू हात तसेच ठेव. ओळखपत्र बघायचंय अजून." आणि पुन्हा डेलकडे, "ही नवीन घेतली का? दुर्बीण कुठली बसवलीत?"

"अरे, ती पहिली चोरीला गेली ना! ही घे, बघ, हात लावून बघ."

दोघे गाडीच्या बॉनेटपाशी गेले. वाहनतळाच्या पलीकडे ओडेसाने फोन खाली घेतला होता आणि आता ती चेहऱ्याकडे पाहत होती. तिने तोंडावर हात ठेवला. तिला सांगायचे होते, की तिने सगळे बरोबर केले. प्रशिक्षण उत्तम होते. रांग पुढे सरकली. ती लहान मुलगी आईला विचारत होती, "त्या आजोबांनी हात का वर केलेत? संपलं ना?" आईने तिला पुढे ढकलले. डेलने तिकडून ओरडून म्हटले, "हात खाली घ्या हो, प्रोफेसर! झालं सगळं! लोरीन कोलाचे घेऊन येतेय, जर्दाळूचे!" पण हात तसेच ठेवायला सांगणारा तो नव्हता. माझे दंड कापू लागले होते. पट्टा जिथे होता तिथे सदरा ओला होऊन चिकटला होता, आणि ते वजन, जे आता नव्हते, तिथेच होते.

ठप्प, ठप्प करीत वॉकर माझ्या शेजारी येऊन थांबला. व्हर्नेलने माझ्याकडे पाहिले नाही. तीही समोर, बॉनेटवर वाकलेल्या त्या दोघांकडे पाहत होती. एक हात वॉकरवरून काढून तिने माझ्या कोपराला खालून आधार दिला, वाद्य शिकणाऱ्या मुलाच्या कोपराला देत असे तसा.

"लायमन," ती म्हणाली, "घरी जायचं?"

"त्यांना विचार," मी म्हणालो.